एक टीबीची एसएसडी, आत सव्वाशे जीबीसुद्धा नाही

एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) टाकल्यावर लॅपटॉप पळायला लागला म्हणजे माल खरा, असं धरून चालू नका. मला विकलेली एसएसडीही पळत होती. बटण दाबून खुर्ची सरकवेपर्यंत विंडोज समोर हजर. खोट वेगात नव्हतीच, जागेत होती.

जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची हार्ड डिस्क होती, ती काढून एक टीबीची साटा (म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीत बसणारी) एसएसडी टाकायची होती. एसएसडीला डबा नव्हता. दुकानदाराला विचारलं तर "लूज माल आहे, डब्याचेच पैसे जास्त लागतात" हे उत्तर. वर नावाजलेल्या कंपनीचं स्टिकर, आणि विंडोजमध्ये जागा दिसली ९३१ जीबी. (हा आकडा बरोबर असतो बरं का. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. त्यावरून कुणाशी भांडू नका.) निघताना तो म्हणाला, "जुनी हार्ड डिस्क राहू द्या इथेच, तुम्हाला काय उपयोग?" ती मी मागून घेतली. पुढे निभावलं ते तिच्यामुळेच.

विंडोज कोरं टाकून दिलं होतं. जुना डेटा मी सवडीने कॉपी करत होतो. बरेच दिवस काही तक्रार नाही. मग एकदा फोटो उघडले तर वरचा पट्टा नीट आणि खाली सगळं राखाडी. काही व्हिडिओ उघडायलाच तयार नाहीत. फाइलींची नावं, तारखा, साइझ मात्र जागच्या जागी.

लॅपटॉप परत नेला. "व्हायरस असणार. फॉरमॅट मारून देतो, होईल ओके." फॉरमॅट मारला आणि खरंच ओके झालं! यातली मेख नंतर कळली, आणि हे सगळं लिहायचं कारणही तीच आहे.

ड्राइव्ह केवढी आहे हे लॅपटॉप स्वतः मोजत नाही, ड्राइव्हलाच विचारतो. तिच्या कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये (तिला चालवणाऱ्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) 'मी एक टीबी' असं भरून ठेवलं की विंडोज तेच दाखवतं. धर्मशाळेच्या वहीत हजार खोल्या आणि इमारतीत शंभर-सव्वाशे, असला प्रकार. खऱ्या जागेपलीकडे लिहिलेलं एकतर हवेत जातं, नाहीतर फिरून सुरुवातीला येतं आणि आधीच्या फाइलींच्या डोक्यावर बसतं. एरर येत नाही. कॉपी शंभर टक्के झाल्याचं दिसतं. फॉरमॅट मारला की ड्राइव्ह पुन्हा रिकामी, म्हणजे खरी जागा भरेपर्यंत पुन्हा सगळं आलबेल. तेवढ्यात परत करायची मुदत उलटून जाते. हा धंदा उभा आहे तो त्या मुदतीवर.

वेग मोजणारी सॉफ्टवेअर इथे कामाची नाहीत. क्रिस्टलडिस्कमार्क नेहमीच्या सेटिंगला १ जीबीची फाइल लिहून वाचतं. तेवढ्यात नकली ड्राइव्हही झकास पास होते. ड्राइव्ह पूर्ण भरायची आणि भरलेलं सगळं परत वाचून ताडून बघायचं, यालाच अर्थ आहे. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे काम करतं. सी'टी या जर्मन मासिकातून आलेलं हे छोटंसं फुकट सॉफ्टवेअर इन्स्टॉलही करावं लागत नाही. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी एफ३ आहे.

मी जुनी हार्ड डिस्क लॅपटॉपमध्ये परत बसवली, एसएसडी यूएसबी अडॅप्टरवर लावली, रिकामी केली आणि टेस्ट सुरू केली. १-१ जीबीच्या फाइली पडत गेल्या. एक टीबीला कित्येक तास लागतात, तेव्हा रात्री लावून ठेवलेली बरी. लिहून झालं तेव्हा सगळं सुरळीत दिसत होतं. वाचताना मात्र निकाल आला: ११८ जीबीच्या आसपास 'ओके', उरलेल्या सगळ्यापुढे 'डेटा लॉस्ट'.

मग तिचं कव्हर उघडावं असं मनात आलं, पण उघडलं नाही. एकतर उघडलेला माल परत घेत नाहीत. दुसरं म्हणजे इवलासा बोर्ड आणि बाकी पोकळ डबी हे दृश्य आजकाल चांगल्या कंपनीच्या अडीच इंची एसएसडीतही दिसतं, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

निकालाचा फोटो दाखवल्यावर व्हायरसची भाषा बंद झाली. "लॉटच खराब आला असेल" म्हणत त्याने दुसरी काढली. ती तिथेच लावून क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिली तर 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे ड्राइव्ह किती तास चालली तो आकडा, हजारोंच्या घरात. म्हणजे कुठेतरी वर्ष-दोन वर्षं राबलेली ड्राइव्ह नवीन म्हणून. (आकडा कमी दिसला म्हणूनही हुरळू नका, तो शून्यावर आणून देणारे आहेत.) मी पैसेच परत मागितले. बरीच कुरकुर झाली, पण मिळाले. पहिली एसएसडी त्याने लगेच काढून घेतली आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकली.

ती आता कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये असणार, म्हणून तिची ओळख सांगून ठेवतो. स्टिकरवर मोठ्या कंपनीचं नाव, पण क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये मॉडेलच्या जागी नुसतं 'एसएसडी १टीबी', कंपनीचा पत्ताच नाही. स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि आतला नंबर जुळत नव्हते. तुमच्याकडे असं दिसलं तर आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवा, त्यातल्या चार-दोन उघडून बघा, आणि मगच टेस्ट लावा. जुनी हार्ड डिस्क अजून हाताशी असेल तर तोवर ती फॉरमॅट करू नका.