सेल्फ दुरुस्त करायचा, तसाच नवा घ्यायचा, की गियरवाला बसवायचा?

ट्रॅक्टरचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, इंजिन फिरवेना झाला की तीन वाटा असतात. आहे तोच खोलून दुरुस्त करायचा, त्याच जातीचा नवा आणायचा, नाहीतर गियर रिडक्शनचा सेल्फ बसवायचा. यातली वाट किमतीवरून ठरवू नका, आत नेमकं काय गेलंय यावरून ठरवा. आणि सेल्फ उतरवण्याआधी दोष त्याचाच आहे ना, हे पक्कं करा. चांगला सेल्फ खोलून बसायचं आणि खराबी निघायची अर्थच्या (बॅटरीच्या निगेटिव्हकडच्या) वायरीत, असं फार वेळा होतं.

आधी दोष कुणाचा?

किल्ली फिरवल्यावर भराभर कटकट आवाज येत राहिला, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं असण्याची शक्यता मोठी. एकच जोरदार ‘टक’ होऊन शांत झालं, तर सोलेनॉइडमधले (सेल्फच्या चुंबकी स्विचमधले) तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत, कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत किंवा इंजिनच जाम आहे. मोटर घूं करून फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचा छोटा दातेरी गियर, म्हणजे पिनियन, ज्यावर असतो तो भाग) घसरतोय. काहीच आवाज नसेल तर क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच, रिले आणि सोलेनॉइडला येणारी बारीक वायर आधी बघा.

मग मीटर लावा. पूर्ण चार्ज असलेली 12 व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. गाडी न्यूट्रलला घ्या, ब्रेक लावा, इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपची दोरी ओढून धरा आणि सेल्फ मारताना पुन्हा बघा. व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळलं तर बॅटरीवर संशय घ्या. बॅटरी तपासून चांगली निघाली आणि तरी व्होल्टेज कोसळतंच, तर सेल्फ किंवा इंजिन जड फिरतंय.

वायरींची परीक्षाही याच वेळी होते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरं सोलेनॉइडच्या जाड बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा तिचा जोड खराब. निगेटिव्ह खुंटी ते सेल्फची बॉडी असं मोजताना 0.3 च्या वर गेलं तर अर्थ खराब. इतकं तपासायला मोजकी मिनिटं लागतात.

एक कळकळीची विनंती: जमिनीवर उभं राहून पान्याने सोलेनॉइडची टर्मिनलं जोडू नका. त्याने सेफ्टी स्विच बाजूला पडतो, आणि गाडी गियरमध्ये असेल तर ती सुरू होऊन थेट अंगावर येते. माणसं यात गेली आहेत.

दुरुस्ती

जुना, थेट आर्मेचरने (मोटरच्या फिरणाऱ्या गाभ्याने) पिनियन फिरवणारा सेल्फ दुरुस्तीला फार चांगला. कार्बन, बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी), बेंडिक्स आणि सोलेनॉइड हे त्याचे झिजणारे भाग, आणि चारही सुटे बदलता येतात. कार्बन आखूड झालेत, कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा पडलाय, इतकंच असेल तर नवा सेल्फ घेणं म्हणजे पंक्चरसाठी अख्खं चाक बदलणं.

बुशकडे मात्र नीट लक्ष द्या. बुश झिजला की आर्मेचर खाली बसतं आणि फील्डच्या (भोवतीच्या स्थिर कॉइलच्या) लोखंडाला घासतं. मग सेल्फ जड फिरतो, करंट जास्त ओढतो, तापतो, आणि मालक बॅटरी बदलत राहतो. सेल्फ खोलल्यावर आर्मेचरच्या पत्र्यांवर घासल्याचे चकचकीत पट्टे दिसतात का, ते स्वतः बघा. हलके असतील तर बुश बदलून भागतं. बसवण्याआधी नवा बुश तेलात मुरवायला सांगा. पट्टे खोल असतील, कॉम्युटेटरमधलं डाक (सोल्डर) वितळून बाहेर उडालं असेल किंवा आर्मेचर शॉर्ट दाखवत असेल, तर निर्णय बदलतो. आर्मेचर रिवाइंड करून मिळतं, पण ते काम कारागिराच्या हातावर अवलंबून. खात्रीचा हात नसेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

त्याच जातीचा नवा

आर्मेचर आणि फील्ड दोन्ही गेले, किंवा पुढचं नाक (पिनियनकडचं कव्हर) तडकलं, तर हाच घ्या. मापाची चिंता नाही, बोल्ट त्याच भोकांत बसतात. रंग मारून ‘रिकंडिशन’ म्हणून दिलेला मात्र नव्यात धरू नका. आत काय बदललं ते विचारूनच घ्या.

गियर रिडक्शनचा

यात छोटी मोटर वेगाने फिरते आणि आतले गियर तो वेग कमी करून जोर वाढवतात. वजन कमी, करंट कमी, आणि थंडीत दमलेल्या बॅटरीवरही इंजिन बऱ्यापैकी फिरतं. थंडीत रोज कुरकुरणाऱ्या डिझेल इंजिनाला फरक लगेच जाणवतो.

पण घेताना पिनियनचे दात, फिरण्याची दिशा, नाकाचा व्यास आणि पिनियन बाहेर येण्याचं अंतर जुन्याशी ताडून बघा. फोटो सारखा दिसतो म्हणून घेऊ नका. काहींत फील्ड कॉइलऐवजी कायम चुंबक असतात. अडकला म्हणून हातोडीने ठोकलात तर ते तडकतात. इंजिन सुरू झाल्यावरही किल्ली धरून ठेवायची सवय असेल तर याचं आर्मेचर लवकर जातं, कारण बेंडिक्समधला एकाच दिशेने जोर देणारा क्लच अडकला की इंजिनाचा वेग गियरमधून कितीतरी पटीने आर्मेचरवर येतो.

माझा कौल सांगतो. सेल्फ एरवी धडधाकट आणि फक्त झिजणारे भाग गेलेत, तर दुरुस्ती. आर्मेचर गेलंय आणि हवामान उबदार, तर त्याच जातीचा नवा. आर्मेचर गेलंय, थंडी कडक आहे आणि मापं जुळतात, तर गियरवाला.

काहीही घ्या, सेल्फ उतरलेला असताना फ्लायव्हीलची रिंग (पिनियन जिच्या दातांत बसतो ती) पूर्ण फेरा फिरवून बघा. इंजिन बहुधा ठरावीक जागीच थांबतं, त्यामुळे दातही तिथेच झिजतात. कधी सेल्फ लागतो, कधी नुसता करकरतो, तर दोष बऱ्याचदा तिथेच असतो. ते दात खाल्लेले असतील तर नवा पिनियनही त्यांच्यावर आपटून लवकर खराब होईल, तेव्हा आधी रिंगचं काम करा. बसवताना सेल्फची बैठक घासून स्वच्छ करायला विसरू नका. रंग आणि गंज राहिला तर सेल्फला नीट अर्थ मिळत नाही.