1260चं सिरॅमिक ब्लँकेट: वर्षभर भट्टीत वापरल्यावर

भट्टीच्या दाराचं ब्लँकेट, म्हणजे उष्णता अडवणारी तंतूंची गादी, बोट लागताच पापुद्रे सुटावेत तसं गळायला लागलंय. डीलरला फोटो पाठवले. उत्तर आलं, "साहेब, माल 1260 अंश सेल्सियसचा आहे. तुमची भट्टी 1220च्या वर जातच नाही. काही होणार नाही." होतंय की!

खोक्यावरच्या त्या आकड्यावरच माझा राग आहे. 1260 हे रोज वापरायचं तापमान नव्हेच. त्या तापमानाला 24 तास ठेवलं तर लांबी फार तर 4 टक्के आक्रसेल, एवढीच ती हमी. म्हणजे मीटरमागे 4 सेंटीमीटर! सांध्यात बोट जाईल. सतत वापराला 1100च्या आसपास थांबलेलं बरं. माझ्या खोक्यावर हे बारीक अक्षरांतही नाही.

मालातच खोट असेल असा संशय होता, पण दाराचा तुकडा सोलल्यावर तो गेला. आगीकडचा थर कुरकुरीत आणि पत्र्याला टेकलेला भाग अजून नव्यासारखा मऊ. रोल एकच.

मुळात हा तंतू म्हणजे अ‍ॅल्युमिना-सिलिकाची काच, जाडी जेमतेम 3 मायक्रॉन. इतकी बारीक म्हणून ती वाकते, आणि मोठा दोष मावायला जागाच नसल्यामुळे जाड कांडीपेक्षा कितीतरी बळकट असते. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1920 मध्ये काचेच्या तंतूंवर हेच दाखवलं होतं. पण साधारण 980 अंशांपुढे तिच्यात म्युलाइटचे (अ‍ॅल्युमिना-सिलिकाचं खनिज) स्फटिक धरू लागतात, आणखी वर क्रिस्टोबलाइटचे (सिलिकाचा एक प्रकार). गुळगुळीतपणा जातो, स्फटिकांच्या सांध्यांत चीर सुरू व्हायला जागा मिळते. धातूसारखं आधी लवणं नाही. चीर सुटली की तुकडा पडलाच. भिंती आणि छत तेवढेच तापतात, पण त्यांना कुणी हलवत नाही, म्हणून टिकलेत. दार दर वेळी आपटतं.

गॅसच्या खर्चाबद्दल मात्र तक्रारीचा चकार शब्द काढणार नाही. विटांच्या जुन्या भट्टीत आधी विटाच पोटभर गॅस प्यायच्या. एवढ्यासाठी या ब्लँकेटला पाचपैकी तीन गुण.

जुनं सोलताना पाणी मारा आणि धुळीचा चांगला मास्क लावा, कापडी नको. त्या धुळीत क्रिस्टोबलाइट असतो, फुप्फुसांना वाईट.

आता फक्त दाराला झिर्कोनिया मिसळलेलं, 1425 अंशांचं ब्लँकेट घेतोय. भाव ऐकून घाम फुटला, आणि अर्धा रोल सुटा द्यायला गडी तयार नाही. उरलेला अर्धा कुणाला हवा असेल तर कळवा, घेतल्या भावात देईन.