चवथीला घरी बलराज साहनींचा कुठला सिनेमा लावायचा?

आमच्या गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी सगळी जमतात, आरत्या झाल्या, वाजवायची घुमटं खाली ठेवली, नेवऱ्यांचा म्हणजे करंज्यांचा डबा फिरला की कोणीतरी म्हणतंच की चला आता एखादा जुना पिक्चर लावूया. आणि त्यात बलराज साहनींचं नाव निघालं की मोठी माणसं डोळे झाकून 'दो बिघा जमीन' सांगून मोकळी होतात. मला हे पटत नाही. सिनेमा मोठाच आहे, वाद नाही, पण या माणसाने इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेचे रोल केलेत की कुठला आधी लावायचा हे त्या रात्री हॉलमध्ये कोण बसलंय त्यावर ठरवायला पाहिजे.

माणसाबद्दल थोडं आधी. १९१३ साली रावळपिंडीत जन्म, लाहोरला इंग्रजीत एमए, शांतिनिकेतनात शिकवलं, सेवाग्रामला गांधीजींबरोबर काम केलं, मग लंडनला बीबीसीच्या हिंदी विभागात, परत येऊन मुंबईत इप्टा ही डाव्या विचारांची नाट्यसंस्था. थोडक्यात शिकलेला, टापटीप, साहेब वाटावा असा माणूस. आणि नायक म्हणून ठसले ते चाळिशीत! आजच्या हिरोंना त्यात काही वाटणार नाही म्हणा, ते साठीतही कॉलेजात जातात.

तर 'दो बिघा जमीन', १९५३, बिमल रॉय. शंभू महातोच्या हिशोबाने कर्ज ६५ रुपये, कोर्टात निघतात २३५, तीन महिन्यांत भरा नाहीतर जमीन गेली. जमीनदाराला तिथे मिल काढायचीय. शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो, मागोमाग पोरगा येतो तो बूटपॉलिश करतो. ज्यांच्या पणज्यांनी भाटकाराच्या, म्हणजे गोव्यातल्या जमीनदाराच्या, वहीत अंगठे उठवलेत त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. बलराज यात अख्खा सिनेमा अंगाने बोलतात. रोलसाठी ते जोगेश्वरीला उत्तरेकडच्या दूधवाल्या भय्यांच्यात जाऊन बसायचे, त्यांचं बसणं-उठणं-खाणं बघायचे, कलकत्त्यात खरोखरची रिक्षा ओढायला शिकले. तो रिक्षाच्या शर्यतीचा सीन आहे ना, पुढच्या रिक्षात पोरगी, यांच्या रिक्षात तिच्यावर रुसलेला बाबू, तो पैसे वाढवत जातो आणि हा धावत जातो, धावत जातो आणि शेवटी चाकच निखळतं, तिथे आपण अभिनय बघतोय हे विसरायला होतं.

पण सणाच्या रात्री? लहान मुलं समोर असताना? नको. एकावर एक संकटं कोसळतात आणि शेवटी मूठभर मातीसुद्धा हातात राहू देत नाहीत. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी एकट्याने बघायचा आहे हा.

याच्या बरोब्बर समोर मी 'गर्म हवा' ठेवते. एम. एस. सथ्यूंचा, १९७३ चा, थेटरात लागला १९७४ ला कारण सेन्सॉरने अडकवून ठेवलेला. इथेही माणसाच्या हातून घर, धंदा, माणसं एकेक करून सुटत जातात, म्हणजे गोष्ट तशी शंभूचीच, पण शंभू धावतो आणि सलीम मिर्झा जागचा हलत नाही. आग्र्यातला बूट बनवणारा मुसलमान कारखानदार, फाळणी झालीय, भाऊ पाकिस्तानात गेला, हवेली भावाच्या नावावर म्हणून तीही गेली, बँक कर्ज देईना, मोठा मुलगाही निघाला. प्रत्येक वेळी हा शेरवानी घालून स्टेशनवर कोणाला तरी सोडायला जातो आणि टांग्यातून परत येतो. आवाज चढवत नाही. बलराजना यात कमीत कमी हालचालीत जे जमलंय ते मला शंभूपेक्षा अवघड वाटतं, तिथे निदान ओढायला रिक्षा होती हो, इथे नुसता चेहरा. मुलीच्या मृत्यूनंतरचा सीन बघाल तर कळेल, आणि तेव्हा हेही माहीत असूदे की त्याच सुमारास त्यांची स्वतःची मुलगी गेलेली होती. "इन्सान कब तक अकेला जी सकता है" ही ओळ डब करून ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिल १९७३ ला, वारले असं सांगतात.

गोव्यातल्या घरात हा सिनेमा जास्त मनाला लागतो असं माझं ठाम मत आहे. कुलूप लावलेली घरं आपल्या वाड्यावाड्यावर आहेत, कोणी पोर्तुगाल, कोणी लंडन, कोणी दुबई, आणि मागे राहिलेल्या एकाला अंगण झाडत बसायचं असतं. फाळणी आणि पासपोर्ट ही एक गोष्ट नव्हे हे मान्य, तिथे माणसं भीतीने गेली आणि आपली बरी नोकरी मिळावी म्हणून जातात. पण जायला नकार देणाऱ्या म्हाताऱ्या आजीचा प्रसंग लागला की हॉलमधल्या दोनचार बायका पदर डोळ्याला लावणारच.

आता तिसरा, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही तो 'अनुराधा', १९६०, हृषीकेश मुखर्जी. या दोन्हीत बलराज सोसणारे आहेत, इथे ते सोसायला लावणारे! खेड्यात दवाखाना चालवणारा ध्येयवादी डॉक्टर, गावासाठी देवमाणूस, आणि घरात बायको एकेकाळी गाणारी होती हेच विसरलेला. वाईट माणूस अजिबात नाही, म्हणून तर जास्त चीड येते. ऐकतोय असा चेहरा करून न ऐकणारा नवरा त्यांनी इतका अचूक केलाय की आमच्याकडे लावला तर दोन काका पाणी प्यायला उठतील. बायको लीला नायडू, त्याच ज्या पुढे श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये आपल्या गोव्यातल्या लोटली गावच्या घरात दोना मारिया झाल्या. संगीत पंडित रविशंकरांचं, 'हाये रे वो दिन' एकदा कानात बसलं की जात नाही. शेवट मला पचला नाही, तिच्या त्यागाचं कौतुक करून प्रश्न मिटवून टाकलाय. पण सिनेमा संपल्यावर भांडण होईल ते चांगलं होईल, नवीन लग्न झालेली जोडपी जमली असतील तर हाच लावा.

बाकीचे भराभर सांगते. 'वक्त' १९६५, रंगीत, तीन तासांच्या वर, 'ऐ मेरी जोहराजबीं' सगळ्यांना पाठ कारण 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये अमरीश पुरींनी गायलं. इथे बलराज श्रीमंत, रुबाबदार, नशिबाला हसणारे लाला, मग भूकंप होतो आणि सगळं फिस्कटतं. पण त्यांचं मुख्य काम सुरुवातीला आणि शेवटी, मधला पिक्चर लालाच्या पोरांचा. घर भरलेलं असेल, निम्मी माणसं पत्ते खेळत असतील तर हा बिनधास्त लावा, मधेच उठून गेलं तरी काही बिघडत नाही.

'काबुलीवाला' १९६१ लहान मुलांबरोबर बघण्यासारखा, आणि 'ऐ मेरे प्यारे वतन'ला मन्ना डेंचा आवाज बलराजच्याच गळ्यातून येतोय असं वाटतं. पण अब्दुल रहमान खानात मला जरा नाटकीपणा दिसतो, ती तोडकी हिंदी काही ठिकाणी जास्त होते. हे वाचून शिव्या पडणार, पडूदेत.

आजीला खूश करायचं असेल तर 'भाभी की चूडियाँ', तेही १९६१. आपल्या 'वहिनींच्या बांगड्या'चीच हिंदी आवृत्ती, संगीत बाबूजी सुधीर फडक्यांचं, 'ज्योती कलश छलके' यातलंच. सिनेमा मीनाकुमारीचा आहे, बलराज बाजूला शांतपणे उभे. 'हकीकत'मध्येही ते आहेत, पण तो त्यांच्यासाठी म्हणून लावायचा सिनेमा नव्हे.

मला एकच निवडायला सांगितलं तर 'गर्म हवा', आणि मुलं झोपल्यावर. दोन रात्री मिळत असतील तर पहिल्या रात्री 'अनुराधा', दुसऱ्या रात्री 'गर्म हवा', उलट करू नका, सलीम मिर्झा बघून झाल्यावर त्या डॉक्टरवर रागावणं जड जातं. फक्त प्रिंट बघून घ्या. 'गर्म हवा' दुरुस्त करून २०१४ ला परत थेटरात आणलेला, तो मिळाला तर तोच शोधा. मोबाईलवर फिरणाऱ्या जुन्या कॉप्यांत आवाज इतका खरखरतो की बलराज जे हळू बोलतात ते बाहेरच्या पावसात ऐकूच येत नाही, तेव्हा स्पीकर आधीच जोडून ठेवा.