टोकियोतील ‘डॉन’ कॅफे: अंथरुणावरून कामावर येणारी माणसे

टोकियोच्या निहोन्बाशी भागातील ‘डॉन’ हा कॅफे यंत्रमानवांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु तेथे तासभर बसल्यावर माझ्या लक्षात राहिली ती माणसेच. टेबलावर जेमतेम 23 सेंटीमीटर उंचीचा ‘ओरिहिमे’ नावाचा पांढरा यंत्रमानव असतो. त्याच्या कपाळावरील कॅमेऱ्यातून आपल्याला पाहणारी आणि त्याच्या तोंडून आपल्याशी बोलणारी व्यक्ती त्या वेळी स्वतःच्या घरी, अनेकदा अंथरुणावर, असते. तिला येथे पायलट म्हणतात. कोणाला स्नायूंचा दुर्धर आजार आहे, कोणाच्या मज्जारज्जूला इजा झालेली आहे. ज्यांचे हात चालत नाहीत ते केवळ नजरेने संगणक हाताळून हे काम करतात आणि त्याचा मोबदला मिळवतात.

ओरिहिमेचा चेहरा जपानी नो नाट्यातील मुखवट्यासारखा जवळजवळ निर्विकार ठेवला आहे, त्यामुळे समोरच्याचे मन आवाजावरून आणि हाताच्या हालचालींवरून ओळखावे लागते. मला ते थोड्याच वेळात जमू लागले. कॉफी घेऊन येणारा ‘ओरिहिमे-डी’ सुमारे 120 सेंटीमीटर उंच आहे. ओरिहिमेचे निर्माते केन्तारो योशिफुजी यांना अशा शरीराची कल्पना सुचली ती त्यांचे सहकारी युता बांदा यांच्याशी झालेल्या बोलण्यातून. लहानपणीच्या अपघातापासून अंथरुणाला खिळलेले बांदा 2017 मध्ये वारले. पहिला प्रायोगिक कॅफे 2018 मध्ये आणि कायमस्वरूपी कॅफे जून 2021 मध्ये सुरू झाला.

माझे मामा अखेरची नऊ वर्षे अंथरुणावर होते. दुकानाचे सगळे हिशेब त्यांना तोंडपाठ असत, पण विचारायला कोणी येत नसे, आणि पैशांपेक्षा त्यांना तेच अधिक लागले. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण दिले. मात्र घराचा उंबरठाच ओलांडता न येणाऱ्याने कामावर पोहोचायचे कसे, हा प्रश्न उरतोच. यंत्रमानव माणसांच्या नोकऱ्या घेतील या भीतीची चर्चा आपण पुष्कळ करतो. ज्याला नोकरी कधी मिळालीच नाही त्याला ती यंत्रमानवामुळे मिळू शकते, हे मी येथे प्रथमच पाहिले.

जाणाऱ्यांनी पायलटशी गप्पा होतील अशी जागा आधी राखून ठेवावी, इंग्रजी बोलणारा पायलट मिळेल का तेही विचारावे आणि हाताशी निवांत वेळ ठेवावा. निघताना मी मराठीत ‘येतो’ म्हणालो आणि त्याचा अर्थ सांगितला. टेबलावरचा तो छोटा हात वर झाला आणि पलीकडून तोच शब्द दोनदा घोटून पाहिल्याचे ऐकू आले.