जेवणाच्या सहा खुर्च्यांसाठी घरी शिवलेल्या गाद्या : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

इंदिरानगरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती सहा सागवानी खुर्च्या आहेत. सासऱ्यांनी त्या हौसेने करून घेतल्या तेव्हा बैठक लाकडाचीच ठेवली होती. पुढे सासूबाईंची कंबर दुखू लागली आणि जेवण उरकेपर्यंतही त्यांना तिथे बसवेना. बाजारात तयार गाद्या पाहिल्या, पण त्या सरसकट चौकोनी होत्या आणि आमची बैठक पुढे १७ इंच, मागे १५ इंच, खोलीला १६ इंच अशी मागे निमुळती होत जाणारी. म्हणून यंदा संक्रांत झाल्यावर मी सहाही गाद्या घरच्या पायमशीनवर शिवल्या. आता ऑक्टोबर संपत आला आहे. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की जेवणाच्या खुर्चीच्या गादीचा अभ्रा महिन्यातून दोनदा तरी उतरवून धुवावा लागतो, आणि कापड निवडण्यापासून गादी खुर्चीला बांधायचे बंद लावण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय हे धुणे डोळ्यांसमोर ठेवूनच घ्यायला हवा. जिथे मी तसा घेतला तिथे काम टिकले, आणि जिथे विसरले तिथे उसवून पुन्हा शिवावे लागले.

कापड मेन रोडवरून आणले. ५४ इंच पन्ह्याचे (म्हणजे रुंदीचे), मातकट रंगाचे, जाड सुती कॅनव्हास चार मीटर घेतले आणि कात्री लावण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजले. लांबी १४ सेंटिमीटरने कमी भरली आणि पन्हाही जवळजवळ एक इंचाने आटला होता. हे पहिल्या धुण्यात, शिवून झाल्यावर घडले असते तर अभ्रे फोमवर चढलेच नसते. बेतताना एक गोष्ट फार उपयोगी पडली. चारही बाजूंनी शिवणीसाठी अर्धा इंच जादा कापड, म्हणजे माया, धरली की एक तुकडा पुढे १८ आणि मागे १६ इंचांचा होतो. असे तीन तुकडे एकाच दिशेने मांडले तर ५४ इंच लागतात आणि आटलेल्या पन्ह्यात ते मावत नाहीत. मधला तुकडा उलटा फिरवला की मात्र ५२ इंचांत तिन्ही बसतात. अर्थात हे साध्या किंवा दोन्ही दिशांनी सारख्या दिसणाऱ्या कापडावरच करता येते. वेलबुट्टीला वर-खाली अशी दिशा असेल तर कापड जास्त घ्यावे लागेल.

कापड भिजवले, पण पायपिंगमध्ये, म्हणजे कडेला शिवायच्या गोल गोटात, घालायची सुती दोरी भिजवायचे माझ्या लक्षातच आले नाही. उरेब, म्हणजे तिरप्या, पट्ट्या कापून, त्यात दोरी घालून केलेली पायपिंग शिवल्या दिवशी इतकी नेटकी दिसत होती की घरातला प्रत्येक जण तिच्यावरून बोट फिरवून पाहत होता. दुसऱ्या धुण्यानंतर दोरी आटली, कापड होते तेवढेच राहिले आणि सहाही गाद्यांच्या कडा चुण्या पडून वाकड्या झाल्या. दोन अभ्र्यांची पायपिंग मी उसवून धुतलेल्या दोरीवर पुन्हा केली. उरलेल्या चारांची दोरी एका टोकाने ओढून काढली आणि कडा तशाच चपट्या ठेवल्या. दिसायला त्या थोड्या साध्या आहेत, पण पायपिंगच्या खोबणीत खरकटे अडकते तसे त्यांच्यात अडकत नाही, म्हणून आता मला त्याच जास्त आवडतात.

शिवताना १४ नंबरची सुई पहिल्याच कोपऱ्यावर मोडली, कारण तिथे कॅनव्हास, पायपिंग आणि पट्टी मिळून कापडाचे चार-पाच थर एकत्र येतात. १६ नंबरची सुई, पॉलिएस्टर दोरा आणि इंचाला साधारण आठ टाके हे प्रमाण जुळले. चेन मी मागच्या १५ इंचांपुरती न लावता दोन्ही बाजूंना चार-चार इंच वळवून २३ इंचांची केली आणि या निर्णयाचे समाधान दर वेळी अभ्रा उतरवताना वाटते. चेन फक्त मागे असती तर पुढचा रुंद भाग त्या तोंडातून दामटून बाहेर काढावा लागला असता, आणि तसे केल्याने फोमचे कोपरे फाटतात.

फोमच्या बाबतीत माझी फसगत झाली. दोन इंच जाडीचा, ४० डेन्सिटीचा म्हणून घेतलेला फोम एप्रिलच्या मध्यापर्यंत मध्यभागी इतका बसला की हाताला खालचे लाकूड लागू लागले. तेव्हा मी एक तुकडा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवला. ४० डेन्सिटी याचा अर्थ एका घनमीटर फोमचे वजन ४० किलो. आमच्या मापाच्या तुकड्याचे आकारमान सुमारे ८,४०० घनसेंटिमीटर, म्हणजे त्याचे वजन ३३५ ग्रॅमच्या आसपास हवे. काटा २२० ग्रॅमवर थांबला; याचा अर्थ तो फोम जेमतेम २६ डेन्सिटीचा होता. दुकानात हाताने दाबून हे ओळखता येत नाही, कारण मऊ-कडकपणा आणि डेन्सिटी या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि हलका फोमही नवा असताना कडक लागू शकतो. दुसऱ्या दुकानातून पाच तुकडे घेतले ते समोर वजन करूनच. ते मापापेक्षा प्रत्येक बाजूला पाव इंच मोठे कापून घेतले, त्यामुळे अभ्रा ताणून बसतो आणि बसता-उठताना सुरकुतत नाही. हे पाचही तुकडे सहा महिन्यांनंतर जवळजवळ पहिल्या जाडीचे आहेत.

सहावा तुकडा घेतला नाही, कारण सासूबाईंनी स्वतःच्या खुर्चीला कापसाचीच गादी मागितली. जुन्या गादीतला कापूस पिंजून घेतला, आतल्या खोळीत भरला आणि सरकू नये म्हणून पाच ठिकाणी टाके घातले. मे महिन्यात घरातली सगळ्यात सुखाची बैठक तीच होती. फोमवर दुपारी पाठीमांडीला घाम येत असे, तसा त्या गादीवर येत नव्हता. मात्र तिला दर आठवड्याला ऊन दाखवावे लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसल्यामुळे ती दमट, जड आणि चपटी झाली होती. सप्टेंबरअखेरीस गच्चीवर दोन दिवस वाळवल्यावर ती पुन्हा फुगली. ज्याच्याकडे गच्ची किंवा उन्हाची गॅलरी नाही, त्याला कापूस घ्या असे मी म्हणणार नाही.

पावसाळ्याची खरी अडचण अभ्र्यांची होती. जाड कॅनव्हास पंख्याखाली वाळायला दोन-दोन दिवस लागत आणि दुहेरी शिवलेले बंद तर त्यानंतरही ओलसर राहत. श्रावणात दोन बंदांवर बुरशीचे काळे ठिपके पडले आणि ते आजही गेलेले नाहीत. त्या काळात सोफ्याच्या कामातून उरलेल्या पॉलिएस्टर मखमलीचे दोन जादा अभ्रे शिवून पाहिले. ते रात्री धुतले की सकाळी वाळलेले असत, ही त्यांची मोठी सोय. पण गार कोरड्या दिवसांत त्यांवर केस, धागे आणि पोळीचे कण चिकटून बसतात आणि ओल्या फडक्याने पुसले तरी लव वाकडी दिसते. जेवणाच्या खुर्चीला मखमल योग्य नाही. ते दोन अभ्रे मी आता झोपण्याच्या खोलीतल्या खुर्चीसाठी ठेवले आहेत.

बंदांबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण सर्वांत आधी तेच तुटतात. पहिल्यांदा मी बंदाचे टोक शिवणीत घालून एकच टीप मारली होती. मुलगा खुर्ची मागे ओढताना गादीलाच धरून ओढतो, त्यामुळे महिनाभरात तीन बंद कापडासकट निघाले. आता बंदाचे टोक दीड इंच आत घेऊन, आतून कॅनव्हासचा छोटा तुकडा लावून, चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारली आहे. तेव्हापासून एकही निघालेला नाही. बंदाची जागा कागदावर मोजू नये; गादी खुर्चीवर ठेवून पाठीचे दांडे येतात तिथे खडूची खूण करावी. आमच्या सहा खुर्च्या एकाच सुताराने केलेल्या असूनही दोन दांड्यांमधले अंतर दोन खुर्च्यांत अर्ध्या इंचाने वेगळे निघाले.

डागांची एक आठवण. वरणाचा थेंब पडला की मी पूर्वी लगेच साबण लावत असे आणि हळदीचा पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होताना पाहून घाबरत असे. साबणातल्या क्षारामुळे हळद लाल होते, कापड खराब झालेले नसते. अभ्रा नीट खळबळून तेवढा भाग उन्हात धरला की डाग एक-दोन दिवसांत फिका पडून नाहीसा होतो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. अडचण अशी की कॅनव्हासचा रंगही उन्हाने उतरतो. म्हणून मी अभ्रा उलटा करून दोरीवर घालते आणि डाग असेल तेवढाच भाग दुमडून सुलटा बाहेर काढते. तरीही खिडकीजवळच्या दोन गाद्या बाकीच्यांपेक्षा एक छटा फिक्या झाल्या आहेत, म्हणून दर रविवारी मी त्यांच्या जागा बदलते.

दिवाळीआधी दुसरा जोड शिवायचा आहे. या वेळी कॅनव्हासऐवजी थोडे पातळ सुती केसमेंट घेतले आहे, म्हणजे पावसाळ्यात ते एका दिवसात वाळेल अशी अपेक्षा आहे. बंद एकेरी कापडाच्या दुमडपट्टीचे करणार आहे आणि पायपिंग करणार नाही.