पिकअपमधल्या डीईएफचा हिशेब: काटा, वही, स्कॅनर की टेलिमॅटिक्स?

१ एप्रिल २०२० रोजी देशात वाहनांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि ज्या डिझेल पिकअपमध्ये धुरातले नायट्रोजन ऑक्साइड (नॉक्स) कमी करणारी एससीआर यंत्रणा आली, त्यांच्या मालकांच्या खर्चात डिझेल आणि ऑइल यांच्या जोडीला डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) हा धुरात फवारला जाणारा तिसरा द्रव आला. चालक त्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात, आणि ते फारसे चुकीचेही नाही, कारण त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले सगळे क्षारविरहित पाणी असते. प्रत्येक डिझेल पिकअपमध्ये ही यंत्रणा असतेच असे नाही. आपल्या गाडीला डीईएफची वेगळी टाकी आणि तिचे बहुधा निळे असणारे टोपण नसेल, तर पुढचा मजकूर आपल्यासाठी नाही. असेल, तर हा द्रव किती खर्ची पडतो याची नोंद ठेवण्याचे चार मार्ग आज उपलब्ध आहेत, आणि त्यांच्यात फुकटापासून दरमहा शुल्कापर्यंतचे अंतर आहे.

निवड करण्याआधी एक हिशेब मांडून पाहावा. गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर धावते आणि लिटरमागे १२ किलोमीटर देते असे धरल्यास २५० लिटर डिझेल लागेल. डीईएफचा खर्च डिझेलच्या ३ टक्के धरला, तर तो साडेसात लिटर होतो. डिझेल ९० रुपये आणि डीईएफ ६० रुपये लिटर मानले, तर महिन्याला २२,५०० रुपयांच्या डिझेलसमोर डीईएफचे अवघे ४५० रुपये उभे राहतात. त्यातले निम्मे कोणी काढून नेले, तरी नुकसान दोन-सव्वादोनशे रुपयांचे. म्हणून ‘डीईएफची चोरी थांबेल’ या आश्वासनावर कोणी महागडे साधन विकत असेल, तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवावा. नोंद ठेवण्याचे खरे कारण निराळे आहे. डीईएफचा पंप, ते धुरात फवारणारा इंजेक्टर, नॉक्स सेन्सर आणि नॉक्स निवळवणारा कॅटॅलिस्ट या चौघांपैकी एखाद्याची तब्येत बिघडू लागली, की डीईएफचा खर्च बदलतो आणि हा बदल अनेकदा डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागण्याआधीच दिसतो. यांपैकी कोणताही भाग बदलण्याचा खर्च ४५० रुपयांच्या कित्येक पटींनी जास्त असतो. चारही मार्ग मी याच कसोटीवर तोलले आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजमापाचे परिमाण. हजार किलोमीटरला किती डीईएफ लागले, हा प्रश्न सर्रास विचारला जातो, पण पिकअपच्या बाबतीत त्याचे उत्तर फसवे निघते. नारायणगावहून टोमॅटो भरलेली गाडी माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजारात जाते आणि परतताना तोच घाट रिकाम्या हौद्याने चढते. उलट पनवेलहून सिमेंट घेऊन बोरघाट चढणारी गाडी नेमकी ओझ्यासकट चढते. दोघींची किलोमीटरे सारखी भरली, तरी इंजिनाने केलेले काम सारखे नसते. डीईएफ खर्ची पडते ते इंजिनात तयार होणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडच्या प्रमाणात, आणि त्याचा संबंध अंतरापेक्षा जळलेल्या डिझेलशी अधिक जवळचा आहे. त्यामुळे शंभर लिटर डिझेलमागे किती लिटर डीईएफ, हेच प्रमाण धरावे. ते साधारण २ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान असते आणि प्रत्येक गाडीचे स्वतःचे असते. तेही पूर्णपणे स्थिर नसते. युरियाचे नॉक्सवर काम करणाऱ्या अमोनियात रूपांतर होण्यासाठी धूर सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असावा लागतो, त्यामुळे पुण्याच्या पेठांत दिवसभर थांबत-थांबत माल पोचवणाऱ्या गाडीत फवारणी बराच वेळ बंद राहते आणि प्रमाण कोणताही बिघाड नसताना कमी दिसते.

आता मार्गांकडे वळू. पहिला आणि फुकटचा मार्ग म्हणजे डॅशबोर्डवरचा काटा किंवा पट्ट्या. टाकी कधी भरायची हे तो सांगतो आणि ते काम चोख करतो. त्याकडे दुर्लक्ष केल्यास टाकी रिकामी होते आणि मग गाडीच्या रचनेप्रमाणे इंजिनाची ताकद कमी केली जाते किंवा एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही. मात्र खर्च मोजण्यासाठी तो निरुपयोगी आहे. एक पट्टी म्हणजे किती लिटर हे छापलेले नसते, टाकीचा आकार वेडावाकडा असल्याने वरची पट्टी आणि खालची पट्टी सारख्या नसतात, आणि भरल्यानंतर काटा हलायला काही गाड्यांत बराच वेळ जातो. काट्यावरून ‘या महिन्यात जास्त लागले’ असे ठरवणे म्हणजे अंदाजाला आकड्याचा मान देणे होय.

दुसरा मार्ग वहीचा, आणि माझा कल उघडपणे याच्याकडे आहे. पद्धत सोपी आहे: डीईएफची टाकी एकदा पूर्ण भरावी, त्यानंतर घातलेल्या डिझेलची प्रत्येक पावती लिहावी, आणि पुढच्या वेळी टाकी पुन्हा पूर्ण भरताना किती डीईएफ मावले ते लिहून भागाकार करावा. २६० लिटर डिझेलमागे ७.८ लिटर मावले, तर प्रमाण ३ टक्के. या पद्धतीचा दोष असा, की ‘पूर्ण’ म्हणजे नेमके किती, यात दर वेळी अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. चार लिटर भरताना ही चूक बारा टक्क्यांची होते, तर बारा लिटर भरताना चार टक्क्यांचीच. म्हणून दर आठवड्याला थोडे-थोडे ओतण्यापेक्षा, टाकी निम्म्याहून खाली गेल्यावर आणि इशाऱ्याचा दिवा लागण्याआधी एकदाच भरणे हिशेबासाठी चांगले. गाडी सपाट जागी उभी असावी, आणि पंपाच्या नळीने भरत असल्यास ती आपोआप बंद झाली की तिथेच थांबावे. तोंडापर्यंत भरण्याच्या नादात उतू गेलेले डीईएफ वाळून पांढरे खडे धरते आणि वहीत मात्र ते गाडीने खाल्ल्याचे दिसते.

बादलीतून भरणाऱ्यांसाठी वहीची अचूकता वाढवण्याची एक युक्ती आहे, जी बाजारात वावरणाऱ्या पिकअपवाल्याला सहज जमेल. २० अंशाला डीईएफच्या एका लिटरचे वजन सुमारे १.०९ किलो असते. भरण्याआधी आणि नंतर बादली वजनकाट्यावर ठेवावी आणि फरकाला १.०९ ने भागावे, ८.७ किलोचा फरक म्हणजे जवळजवळ ८ लिटर. बादलीवरच्या रेघांवर विश्वास ठेवण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचे.

तिसरा मार्ग ओबीडी स्कॅनरचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणाऱ्या साधनाचा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा ठोकळा बसवला की मोबाइलवर आकडे दिसू लागतात. ओबीडीसाठीच्या एसएई जे१९७९ या मानकात डीईएफची सरासरी खपत, यंत्रणेने मागितलेली सरासरी खपत आणि टाकीतली पातळी यांच्यासाठी जागा राखलेली आहे. परंतु मानकात जागा असणे आणि आपल्या गाडीने ती भरलेली असणे यांत फरक आहे. अनेक गाड्या हे आकडे सर्वसाधारण ॲपला देत नाहीत आणि मग कंपनीचे किंवा त्या दर्जाचे महाग स्कॅनर लागते. म्हणून विकत घेण्यापूर्वी त्याच मॉडेलच्या गाडीला कोणाचे तरी साधन लावून पाहावे. शिवाय खपतीचा आकडा बहुतेक वेळा संगणकाने इंजेक्टरला दिलेल्या आदेशांवरून काढलेला असतो. इंजेक्टरच्या तोंडाशी खडे जमले असतील, तर आदेश १०० मिलिलिटरचा आणि फवारा ७० चा, असे होऊ शकते आणि पडद्यावर १०० च दिसतात. वहीला हा गोंधळ होत नाही, कारण ती टाकीतून प्रत्यक्ष गेलेला द्रव मोजते. दोन्ही आकडे हाताशी असतील, तर त्यांच्यातली तफावत मेकॅनिकला बरेच काही सांगते, आणि स्कॅनरचा सर्वांत मोठा उपयोग मला तिथेच दिसतो. दिवा लागल्यावर त्रुटीचा कोड लगेच वाचता येतो, हा त्याचा दुसरा फायदा.

चौथा मार्ग टेलिमॅटिक्सचा, म्हणजे दूरवरून सगळ्या गाड्यांवर नजर ठेवण्याचा. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे: एआयएस-१४० प्रमाणित यंत्र गाडीचे ठिकाण कळवण्यासाठी आणि आणीबाणीच्या बटणासाठी आहे, ते बसवले म्हणून डीईएफची पातळी आपोआप दिसू लागत नाही. त्यासाठी यंत्राने गाडीच्या संगणकाशी बोलले पाहिजे, आणि मग स्कॅनरच्या सगळ्या मर्यादा यालाही लागू होतात. बळ आहे ते एका ठिकाणी: बारा सारख्या गाड्यांचे प्रमाण एका पडद्यावर आले, की अकरा जणींपेक्षा वेगळी वागणारी गाडी ताबडतोब नजरेत भरते. एका-दोन गाड्यांच्या मालकाला ही तुलना मिळतच नाही, शुल्क मात्र द्यावेच लागते.

कोणताही मार्ग घेतला, तरी आकडा वाचता आला पाहिजे. प्रमाण वाढले की लोक सावध होतात, आणि ते योग्यच आहे: गळती, चोरी, ओझ्यातली वाढ किंवा पातळ डीईएफ यांपैकी काहीही असू शकते. पाणी मिसळलेले डीईएफ असेल, तर कॅटॅलिस्टनंतरच्या सेन्सरला नॉक्स जास्त दिसतो आणि यंत्रणा आपल्या मर्यादेत अधिक फवारणी मागते. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून घरीच डीईएफ करण्याचा उद्योग येथे सर्वांत महागात पडतो; आपल्याकडचा खताचा युरिया २०१५ पासून सक्तीने निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो, आणि ते तेल व इतर अशुद्ध घटक कॅटॅलिस्टला मुळीच मानवत नाहीत. सुटे डीईएफ घेणाऱ्याने द्रवातले युरियाचे प्रमाण दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर जवळ ठेवावा. दोन थेंबांत ३२.५ टक्के आहे की नाही ते कळते. मात्र प्रमाण कमी झाले, तर मालक खूश होतो, आणि तिथेच फसतो. मार्ग आणि ओझे तेच असताना ३ टक्क्यांवरून १.९ वर आलेली गाडी काटकसरी झालेली नसते. बहुधा तिचा इंजेक्टर बुजू लागलेला असतो. माझ्या मते वाढीपेक्षा ही घट अधिक गांभीर्याने घ्यावी.

विदर्भ-खानदेशातल्या वाचकांसाठी एक पुरवणी: डीईएफ ३० अंशांपर्यंत ठेवल्यास सुमारे वर्षभर टिकते, ३५ अंशांवर ही मुदत सहा महिन्यांवर येते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना काढलेली बादली वापरली आणि प्रमाण बदलले, तर दोष गाडीला देऊ नये. म्हणून वहीत बादलीची उत्पादन-तारीख लिहिण्यासाठी एक रकाना असावा.

तेव्हा स्वतः चालवत असलेल्या एका गाडीसाठी वही आणि वजनकाटा पुरेसा आहे. स्कॅनर घ्यायचाच असेल, तर दिवा लागल्यावर उपयोगी पडेल म्हणून घ्यावा, रोजच्या नोंदीसाठी नव्हे. चालकांच्या हाती तीन-चार गाड्या असतील, तर प्रत्येक गाडीत वही ठेवून डीईएफ मात्र एकाच ठिकाणी, एकाच माणसाने भरावे आणि सगळ्यांत मिळून एक चांगला स्कॅनर घ्यावा. दहा-बारा गाड्यांच्या पुढे टेलिमॅटिक्सचा विचार करता येईल, पण करारापूर्वी आपल्याच एका गाडीवर महिनाभर वही आणि यंत्र दोन्ही चालवून आकडे जुळतात का ते पाहावे. पहिल्या भरणीवरून काहीच ठरवू नये. तीन भरण्यांनंतर गाडीचे स्वतःचे प्रमाण दिसू लागते, आणि पुढची प्रत्येक नोंद त्याच्याशी ताडून पाहता येते.