भाड्याला पैसे नाहीत, तर अमेरिका कशी गाठायची? १७५० च्या सुमाराच्या दोन वाटा

युरोपातला गरीब माणूस अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत निघाला, की जहाजाचं भाडं अंगमेहनतीने फेडायचा. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या: इंग्लंडमध्ये करार करून व्हर्जिनिया, किंवा उधारीवर हॉलंडमधल्या रॉटरडॅमहून पेनसिल्व्हेनिया वसाहतीतलं फिलाडेल्फिया बंदर. निवडताना आधी बघावं ते एकच, करार कधी पक्का होतो.

व्हर्जिनियाचा करार निघण्याआधीच होई, मुदत साधारण ४ ते ७ वर्षं. एकाच कागदावर मजकूर दोनदा लिहून तो मधून नागमोडी कापत. तुकडे जुळले की करार खरा. आपला तुकडा जिवापाड जपायचा. कागद नसलेल्याला १७०५ च्या कायद्याने ५ वर्षं राबावं लागे, आणि वय १९ च्या आत असेल तर थेट चोविशीपर्यंत. मुदत अशी ठरलेली. धनी मात्र कप्तान ज्याला करार विकेल तो. काम बहुधा तंबाखूचं: वाफ्यात रोपं, मे महिन्यात लावणी, मग शेंडे खुडणं, फुटवे काढणं, अळ्या हाताने वेचणं. पानं पिंपात दाबताना ओल राहिली तर माल कुजे, फार सुकली तर चुरा होई. त्यात नवख्याला हिवताप गाठायचा. शेजारी राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांना तर मुदतच नव्हती. १६६२ च्या कायद्याने आईची गुलामी मुलांच्याही माथी मारली होती. १७०५ च्याच कायद्याप्रमाणे सुटताना पुरुषाला १० बुशेल (धान्याचं जुनं माप) मका, ३० शिलिंग आणि एक बंदूक मिळे. जमीन नाही.

फिलाडेल्फियाला उलटं. उतरल्यावर थोड्या दिवसांत भाडं भरायचं, नाहीतर श्रम विकायचे. धन्याशी समोरासमोर बोलता येई, आणि या वाटेने येणाऱ्या जर्मनांना आपलीच भाषा बोलणारा गहू पिकवणारा शेतकरी मिळू शके. पण सौदा होईपर्यंत माणूस जहाजावरच अडकलेला, आणि आजारी असेल तर गिऱ्हाईक मिळेना. सगळ्यात क्रूर नियम असा: अर्ध्या प्रवासानंतर कुणी दगावला, तर त्याचंही पूर्ण भाडं मागे राहिलेल्या कुटुंबावर. मग लहान मुलं २१ वर्षांची होईपर्यंत परक्या घरी जात.

पेनसिल्व्हेनियात भाडं भरू शकेल असा नातलग असेल, तरच उधारीची वाट धरावी. नसेल आणि इंग्लंडमधूनच निघायचं असेल, तर तिथेच फिलाडेल्फियासाठी सही करावी. असे करारही होत. मुदत हातात राहते आणि तंबाखूचं शेतही टळतं.